खाजण वरून पाहताना : हवाई छायाचित्रांच्या अभ्यासाची प्रस्तावना

हवाई छायाचित्रांच्या पुस्तकाची सुरुवात आइसलँडच्या हिमनद्यांनी किंवा नामिबियाच्या तांबड्या वाळूने करायची, असा एक अलिखित रिवाज आहे. या पुस्तकात तो पाळलेला नाही. इथे पहिले पान कांजूरमार्गला दिले आहे.

विक्रोळी आणि भांडुप यांच्यामधले हे स्थानक बहुतेकांना पवईला किंवा आयआयटीला जाण्यापुरते ठाऊक. वरून घेतलेले चित्र पश्चिमेकडून पूर्वेकडे वाचत गेलो तर आधी पवईच्या टेकड्या आणि तलाव लागतो, मग लालबहादूर शास्त्री मार्ग, मध्य रेल्वेचे रूळ आणि पूर्व द्रुतगती महामार्ग. महामार्गापलीकडे थोडे गेले की शहर एकाएकी संपते. आधी मिठागरांचे चौकोन. काही करडे, काही तपकिरी, काहींत पाणी साचून आभाळ उतरलेले. त्यापुढे तिवरांचा दाट हिरवा पट्टा आणि त्यात वळणे घेत शिरलेल्या खाडीच्या फाट्या. मग उघडा गाळ, आणि शेवटी ठाण्याची खाडी. पलीकडे ऐरोली-घणसोलीचा काठ. रोज लोकलने ये-जा करणाऱ्याला यातले जवळजवळ काहीच दिसत नाही. आयुष्यभर भांडुप-कांजूरला राहूनही आपण खाडीकाठी राहतो हे ज्यांच्या कधी लक्षात आले नाही, अशी माणसे थोडी नाहीत.

भूगोलाचे विद्यार्थी, ड्रोन बाळगणारे हौशी छायाचित्रकार, पक्षिनिरीक्षक, नगररचनेचे अभ्यासक आणि विमानात खिडकीची जागा मागून घेणारे प्रवासी, असे या पुस्तकाचे वाचक आम्ही कल्पिले आहेत. शेवटचा वर्ग आम्हाला सर्वांत जवळचा. या साऱ्यांना सांगायचे आहे ते थोडक्यात असे : चित्र आकाशातून काढता येते, पण ते वाचण्यासाठी चिखलात उतरावे लागते. पुढची सगळी प्रकरणे या एका म्हणण्याभोवती उभी आहेत.

नवलाच्या हवाई चित्रांत जगभर गाजलेले एक चित्र खारफुटीचेच आहे, हे इथे सांगायला हवे. फ्रेंच छायाचित्रकार यान आर्त्यूस-बेर्त्राँ यांनी न्यू कॅलिडोनिया बेटावरच्या व्हो गावाजवळ हेलिकॉप्टरमधून ते टिपले. हिरव्यागार खारफुटीच्या मधोमध एक मोकळी जागा, आणि तिचा आकार नेमका बदामाचा. १९९९ साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ते आले आणि घराघरांतल्या भिंतींवर पोचले. लोक बदाम पाहून थांबतात. खरा प्रश्न बदामाचा नाही. मध्ये झाडे का नाहीत, हा आहे. ती जागा आजूबाजूपेक्षा किंचित उंच आहे. तिथे रोजच्या भरतीचे पाणी पोचत नाही, फक्त मोठ्या उधाणाचे पोचते. आलेले पाणी उन्हाने आटते, क्षार मागे राहतात. असे वर्षानुवर्षे होत गेले की जमिनीतला खार इतका वाढतो की खारफुटीलाही तो सोसत नाही; तिथे खुरटी, खारटपणाला चिवट अशी मोजकी रोपे तेवढी तग धरतात. बदाम म्हणजे मिठाने आखलेली समोच्च रेषा आहे. असे उघडे खारपट ठाण्याच्या खाडीकाठीही आहेत. त्यांचा आकार बदामासारखा नाही, एवढाच त्यांचा गुन्हा.

इतिहासात फार रमण्याचा आमचा विचार नाही, पण काही टप्पे ओळखीचे असलेले बरे. वरून पाहण्याची हौस कॅमेऱ्याहून कितीतरी जुनी आहे. कालिदासाने 'रघुवंशा'चा तेरावा सर्ग जवळजवळ सगळा पुष्पक विमानातून दिसणाऱ्या समुद्राला, किनाऱ्याला आणि वनांना दिला. 'मेघदूता'त तर प्रवासाची वाटच ढगाच्या उंचीवरून सांगितली आहे, आणि ती वाट रामगिरीहून, म्हणजे परंपरेने आपल्या रामटेकहून, निघते. कॅमेरा आकाशात गेला तो १८५८ साली. नादार या टोपणनावाने प्रसिद्ध असलेल्या छायाचित्रकाराने पॅरिसजवळ फुग्यातून चित्र घेतले. ते आज उरलेले नाही. उरलेल्यांपैकी सर्वांत जुने म्हणून ओळखले जाते ते जेम्स वॉलेस ब्लॅक याने १८६० साली फुग्यातूनच घेतलेले बॉस्टन शहराचे चित्र. १८८८ साली आर्थर बात्यू याने पतंगाला कॅमेरा बांधला. १९०६ च्या भूकंपानंतर उद्ध्वस्त झालेल्या सॅन फ्रान्सिस्कोचे विस्तीर्ण चित्र जॉर्ज लॉरेन्स याने पतंगांची माळ चढवूनच मिळवले. मग पहिले महायुद्ध आले आणि हौसेचे काम हेरगिरीचे झाले. युद्धातून सुटलेली विमाने, कॅमेरे आणि माणसे पुढच्या दशकात जंगलांची मोजणी करू लागली. आपल्या उपखंडाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी नोंद १९२४ ची : ब्रह्मदेशात इरावती नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या, पायी फिरायला अतिशय अवघड अशा जंगलाची पाहणी विमानातून झाली. चिखलात माणूस अडतो म्हणून विमान बोलवावे लागले, ही त्या कामाची खरी कथा आहे.

स्वतंत्र भारतात या विद्येला वळण देणारा प्रयोग एका साध्या झाडावर झाला. १९७० साली शास्त्रज्ञ पी. आर. पिशरोटी यांनी केरळातल्या नारळाच्या बागांवर हेलिकॉप्टर नेऊन अवरक्त किरण टिपणाऱ्या फिल्मवर छायाचित्रे घेतली. नारळाला लागणारा मुळांचा रोग त्यांत ओळखू आला. निरोगी पान अवरक्त किरण भरपूर परतवते, आजारी पान कमी. डोळ्याला दोन्ही सारखेच हिरवे. भारतातल्या सुदूर संवेदनाची सुरुवात या प्रयोगापासून धरतात. १९७६ साली आयआयटी मुंबईत या विषयाला वाहिलेले केंद्र सुरू झाले. म्हणजे कांजूरमार्ग स्थानकातून पवईकडे जाणाऱ्या वाटेवरच महाराष्ट्रातले या विद्येचे एक जुने घर आहे, आणि तिच्या हातच्या अभ्यासाची खाडी त्याच स्थानकाच्या दुसऱ्या बाजूला.

मराठी वाचकांना हवाई छायाचित्रांची गोडी लावली ती मात्र शास्त्रज्ञांनी नव्हे. ते श्रेय गोपाळ बोधे यांचे. नौदलात छायाचित्रकार असताना हेलिकॉप्टरच्या उघड्या दारातून त्यांनी किल्ले, किनारे, दीपगृहे टिपली आणि आपला मुलूख वरून कसा दिसतो हे पहिल्यांदा लोकांच्या हातात आले. २०१४ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या कामाचा नीट अभ्यास अजून व्हायचा आहे, आणि तो व्हायला हवा. उद्धव ठाकरे यांचे किल्ल्यांच्या हवाई छायाचित्रांचे 'महाराष्ट्र देशा' २०१० साली आले, पाठोपाठ पंढरीच्या वारीवरचे 'पहावा विठ्ठल'. यातल्या बऱ्याच चित्रांत दुर्ग हा नायक आणि डोंगर हा त्याचा रंगमंच आहे. आम्हाला इथे रंगमंचाबद्दलच बोलायचे आहे.

त्यासाठी लोणारइतके चांगले उदाहरण नाही. बुलडाणा जिल्ह्यातले हे सरोवर काठावर उभे राहून पाहिले तर एक खोल, झाडीने वेढलेले तळे वाटते. वरून पाहिले की वर्तुळ दिसते, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, आणि पाहणारा चटकन म्हणतो, 'उल्का!' इतके सोपे ते नव्हते. लवणासुराची कथा आणि तीर्थमाहात्म्य फार जुने. युरोपीय नोंदींत १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या अधिकाऱ्याने त्याचा उल्लेख केला. पुढे कित्येक दशके त्याला ज्वालामुखीचे मुख मानत. भोवती सगळा ज्वालामुखीचाच खडक, दख्खनचा बेसाल्ट, तेव्हा तसे वाटणे साहजिकच होते. १८९६ साली गिल्बर्ट या नामांकित अमेरिकी भूवैज्ञानिकाने ॲरिझोनातल्या विवराशी लोणारचे साम्य दाखवले, पण दोन्हीकडे उल्केऐवजी भूगर्भातल्या वाफेच्या स्फोटाकडेच त्याचा कल होता. दोन्ही वर्तुळे त्याने ओळखली आणि दोन्हींचे कारण चुकले. निकाल लागला तो वरून नव्हे, खालून. विवराच्या तळात घेतलेल्या भोकांतून आघाताच्या प्रचंड दाबाखालीच बनणारी काच आणि बदललेली खनिजे सापडली, आणि १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने लोणार आघाती विवर ठरले. त्याच्या वयाचा वाद पुढेही चालू राहिला : एका पद्धतीने सुमारे ५२,००० वर्षे, दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५,७०,०००. दहापटींहून मोठा हा फरक कुठल्याही छायाचित्राने मिटणारा नाही.

याच लोणारचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले. टाळेबंदीचे दिवस, लोक घरात, आणि समाजमाध्यमांवर गुलाबी सरोवराची ड्रोनचित्रे. तर्कांना ऊत आला. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले, पाण्याचे नमुने तपासले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत खारप्रिय सूक्ष्मजीव, हॅलोआर्किया, सापडले. पाणी आटून क्षार वाढले की हे जीव फोफावतात आणि त्यांच्यातले गुलाबी-लाल रंगद्रव्य साऱ्या पाण्याला रंग देते. नमुना स्थिर ठेवला तर जीव तळाशी बसून पाणी पुन्हा नितळ होते.

इथून कांजूरला परतता येते, कारण मिठागरांत गुलाबी रंग आणणारे जीवही याच कुळातले. मीठ पिकवणे म्हणजे समुद्राचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात घेत उन्हाने दाट करत नेणे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. ते पाणी आटून सुमारे दहाव्या हिश्शावर आले की मीठ धरू लागते. या प्रवासात प्रत्येक वाफ्याचा खारटपणा वेगळा, म्हणून तिथे जगणारे जीव वेगळे, म्हणून रंग वेगळा. पहिल्या वाफ्यांत साधे शेवाळ, हिरवट झाक. पुढे ड्युनालिएला नावाचे एकपेशी शेवाळ, जे खारटपणा आणि ऊन वाढले की नारिंगी होते. शेवटच्या, अगदी दाट पाण्यात हॅलोआर्किया, गुलाबी ते लालसर. चालू मिठागराचे हवाई चित्र म्हणजे खारटपणाचा रंगीत तक्ताच असतो. कांजूर, भांडुप, मुलुंडकडच्या मिठागरांचे वैभव आता ओसरले आहे. बऱ्याच वाफ्यांत मीठ पिकत नाही, पावसाचे पाणी साचते, बांध खचतात आणि भरतीला वाट मिळाली की तिवर आत शिरतो. त्या तक्त्यातली अक्षरे पुसट होत चालली आहेत आणि वर दुसरे काही लिहिले जात आहे. अशा जागेला नैसर्गिक म्हणावे की मानवनिर्मित? आमचे उत्तर असे की हा प्रश्न एकाच चौकोनाला वेगवेगळ्या दशकांत विचारावा लागतो.

सरळ रेषा दिसली की माणसाचा हात शोधा, हा नवशिक्याला सांगितला जाणारा पहिला नियम. खाडीकाठी तो बहुधा खरा ठरतो : बांध सरळ, फाटी वाकडी. पण धुळे-नंदुरबारकडे गेलात तर तो फसतो. तिथे जमिनीच्या भेगांत वर चढून थिजलेल्या लाव्हाच्या भिंती, म्हणजे डाइक, मैलोन्‌मैल सरळ गेलेल्या आहेत. भोवतालचा खडक झिजला, त्या उरल्या. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवर उलटा प्रकार : वरून जे नैसर्गिक चरे-खड्डे वाटावेत, ते कातळशिल्प निघते. रत्नागिरी-राजापूर भागातली काही शिल्पे इतकी मोठी आहेत की जवळ उभ्या माणसाला पूर्ण आकृती उमगत नाही. ड्रोन आल्यावर तिथल्या शोधकर्त्यांचे काम केवढे सोपे झाले हे ते स्वतःच सांगतात.

आता भरतीचा विषय. तो आम्ही जरा विस्ताराने घेतो, कारण खाडीच्या चित्रांत सर्वांत जास्त घोटाळे इथेच होतात.

मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढते. ठाण्याची खाडी उथळ, काठ जवळजवळ सपाट. तेव्हा एवढ्या उतार-चढावात गाळाचा प्रचंड पट्टा उघडा पडतो आणि पुन्हा बुडतो. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात ते याच पट्ट्यावर, चिखलातले सूक्ष्म जीव टिपायला. दोन चित्रे शेजारी ठेवून 'दहा वर्षांत खाडी इतकी बुजली' असे कोणी सांगितले, तर पहिला प्रश्न हा की दोन्ही वेळा पाणी किती होते. एक चित्र भरतीचे आणि दुसरे ओहोटीचे असेल तर फरक दहा वर्षांचा नसून सहा तासांचा आहे.

वेळ माहीत असेल तर पाण्याचा अंदाज बांधायला मोठे यंत्र लागत नाही. कोळी आणि आगरी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या वापरतात तो हिशेब पुरतो : तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. मग सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. खाडीच्या आत पाणी थोडे उशिरा पोचते, तेवढे धरून चालायचे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढ-उतार कमी.

हाच हिशेब उपग्रहाला लावून पाहा. पृथ्वीची नियमित चित्रे घेणारे बरेचसे उपग्रह सूर्याशी बांधलेल्या कक्षेत फिरतात आणि एखाद्या जागेवरून दर वेळी जवळपास त्याच स्थानिक वेळेला जातात. युरोपचा सेंटिनेल-२ साडेदहाच्या सुमारास, लँडसॅटही सकाळीच. साडेदहाला पौर्णिमा असेल तर मुंबईत पाणी चढत आलेले. अष्टमी असेल तर ओहोटी लागलेली, पण ती भांगाची, माफक. उधाणाची खोल ओहोटी, जेव्हा गाळ सर्वांत दूरवर उघडा पडतो, ती येते पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास. म्हणजे सकाळच्या उपग्रहाने वर्षानुवर्षे चित्रे काढली तरी ठाण्याच्या खाडीचा सर्वांत उघडा चेहरा त्याच्या वाट्याला येत नाही. पावसाळ्यातले ढग वेगळेच. ते चार महिने साध्या कॅमेऱ्याला खाडी दिसतच नाही, रडारच्या चित्रांवर भिस्त ठेवावी लागते. 'उपग्रहाला सगळे दिसते' असे म्हणणाऱ्याला एवढे ऐकवावे.

चित्रातल्या रंगांबद्दलही असाच सावधपणा हवा. अभ्यासाच्या चित्रांत अवरक्त किरणांना लाल रंग देण्याची पद्धत आहे. त्यामुळे कांजूरची खारफुटी त्यांत रक्तासारखी लाल दिसते आणि नवा विद्यार्थी दचकतो. जितकी तजेलदार लाली, तितकी हिरवी पालवी. उधाणाचे पाणी झाडांच्या बुंध्यांपर्यंत आलेले असेल तर ती लाली मंदावते, कारण पाणी अवरक्त किरण गिळते. त्या दिवशीचे चित्र पाहून झाडे मरताहेत असा निष्कर्ष काढणे सोपे, आणि चुकीचे. म्हणून या क्षेत्रातले लोक 'ग्राउंड ट्रुथ' हा शब्द सतत वापरतात. म्हणजे चित्रावर खूण केलेल्या ठिकाणी स्वतः जायचे, तिथे तिवर आहे की चिप्पी की मारांडीची काटेरी जाळी हे पाहायचे, आणि मगच नकाशावर रंग भरायचा.

हे सगळे केवळ अभ्यासकांचे सोवळे नाही, हे कांजूरमार्गच्याच दोन प्रकरणांवरून दिसेल. ऑक्टोबर २०२० मध्ये मेट्रो-३ ची कारशेड आरेतून कांजूरमार्गच्या १०२ एकर जागेवर हलवायचे ठरले. केंद्राच्या मीठ खात्याने जागेवर हक्क सांगितला आणि १६ डिसेंबर २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कामाला स्थगिती दिली. २०२२ साली कारशेड पुन्हा आरेकडे गेली. ('महाराष्ट्र देशा'चे छायाचित्रकार कांजूरचा निर्णय झाला तेव्हा मुख्यमंत्री होते, हा योगायोग नोंदवून पुढे जाऊ.) तो तंटा मालकीचा होता, आणि मालकी आकाशातून दिसत नाही. कितीही स्पष्ट चित्र आणा, जमीन कोणाची हे सातबारा आणि जुने करारच सांगणार.

दुसरे प्रकरण कचराभूमीचे. खारफुटी तोडण्यावर उच्च न्यायालयाने २००५ साली बंदी घातली आणि राज्यातल्या खारफुटीचे उपग्रहचित्रांवरून नकाशे करायला सांगितले. त्यानंतर सरकारी जमिनीवरची खारफुटी संरक्षित वन म्हणून जाहीर होत गेली. २००८ सालच्या अशा अधिसूचनेत कांजूरमार्गची जागा आली. २००९ साली त्यातली ११९.९१ हेक्टर, नजरचुकीने आली होती म्हणून, शासनाने वगळली. तिथे कचराभूमी झाली. २ मे २०२५ रोजी उच्च न्यायालयाने ती वगळणूक रद्द करून जागा पुन्हा संरक्षित वन ठरवली, आणि पुढे ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. इथे प्रश्न, अमुक दिवशी अमुक जागेवर खारफुटी होती की नव्हती, हा आहे. हवाई चित्राला विचारावा असाच हा प्रश्न, पण उत्तर ऐकून घ्यायचे तर चित्राची तारीख, वेळ, पाण्याची पातळी आणि प्रत्यक्ष पडताळणी, चारही जवळ हवेत. नाहीतर एकाच चित्रातून दोन वकील दोन जंगले काढून दाखवतील.

ड्रोनबद्दल दोन शब्द, कारण पुस्तक हातात घेणाऱ्यांपैकी निम्मे तरी त्यासाठीच आले असतील. ड्रोन नियम २०२१ ने आकाशाचे हिरवे, पिवळे आणि लाल पट्टे पाडले. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, पिवळ्यात लागते, लालमध्ये केंद्र सरकारच्या मंजुरीशिवाय शिरायचेच नाही. मुंबईत विमानतळ, नौदलाच्या जागा आणि वेळोवेळी निघणारे पोलिसांचे मनाई आदेश पाहता 'इथे चालेल' असे गृहीत धरू नका; दर वेळी डिजिटल स्काय नकाशा आणि ताजे आदेश तपासा. शिवाय ऐरोली आणि वाशी पुलांमधली खाडी २०१५ पासून ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर पाणथळ. चिखलात निवांत चरणारा थवा ड्रोनच्या घरघरीने उठला की त्याचे खाणे थांबते, आणि पुढच्या लांबच्या उड्डाणासाठी साठवायची चरबी तेवढी कमी होते. समाजमाध्यमांवर लोकप्रिय होणारे गुलाबी थव्याचे उडते चित्र पुष्कळदा असेच उठवून मिळवलेले असते. अशी चित्रे या पुस्तकात घेतलेली नाहीत.

ड्रोन नसला म्हणून अडत नाही. मुंबईत पूर्वेकडून उतरणारे विमान खाडी ओलांडून घाटकोपर-कुर्ल्यावरून धावपट्टीकडे येते. उजवीकडची खिडकी मिळाली तर खाडीचा काठ विक्रोळी-कांजूरच्या दिशेने उत्तरेकडे जाताना दिसतो. त्याआधी विमानाची सावली खालच्या ढगांवर पडून तिच्याभोवती रंगीत कडे दिसले, तर ते हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दिसणाऱ्या इंद्रवज्राचेच भावंड. घरी बसून इस्रोचे 'भुवन' संकेतस्थळ उघडता येते. गुगल अर्थवर जुन्या तारखांची चित्रे मागे नेऊन पाहता येतात. १९६० ते १९७२ या काळात अमेरिकेच्या कोरोना हेर-उपग्रहांनी घेतलेली चित्रे १९९५ नंतर सर्वांना खुली झाली. महामार्गाच्या पूर्वेला आज दिसते त्यातले बरेचसे काही नसतानाची मुंबई त्यांत शोधता येते. सुरुवात आपल्याच पिनकोडपासून करा. घराच्या आसपासचे एक चौरस किलोमीटर निवडा, त्याची जितक्या तारखांची मिळतील तितकी चित्रे एकत्र करा, आणि जिथे काही कळले नाही तिथे पायी जाऊन या. कांजूरला जाणार असाल तर ओहोटीची वेळ काढून जा, एकटे खाजणात शिरू नका, आणि जुनी चप्पल घाला.

शेवटी वाचकांना एक विनंती. कारखान्यांच्या, गृहसंस्थांच्या, जुन्या छायाचित्रकारांच्या कपाटांत पूर्व उपनगरांची हवाई छायाचित्रे पडून असतील. कोणाच्या उद्‌घाटनासाठी, कोणाच्या वार्षिक अहवालासाठी काढलेली. ती रद्दीत घालू नका. जवळच्या महाविद्यालयाच्या भूगोल विभागाला किंवा ग्रंथालयाला विचारा; नाहीच कोणी घेतली तर स्कॅन करून ठेवा. आणि मागच्या बाजूला ठिकाण, तारीख, जमल्यास वेळ लिहा. मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेनचा दाब आणि शाई चित्राच्या पुढच्या बाजूला उमटतात.